परिसर शिक्षण : चवदार तळ्यापासून हडसनच्या काठापर्यंत

(संस्थेच्या भीमजयंती मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या या मंगल प्रसंगी ‘शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी परिसर शिक्षणाच्या प्रादेशिक संधी’ या विषयावर आम्ही बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले. आम्ही म्हणजे आपल्या रविवारच्या बालवर्गाचे काम पाहणारे काही पालक. आमच्यापैकी कोणीही पर्यावरणशास्त्राचा पंडित नाही. कोणी संगणकाच्या क्षेत्रात आहे, कोणी रुग्णालयात, दोघी जणी सार्वजनिक शाळांत शिकवितात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता आपल्यातल्याच काही पालकांचे मनोगत म्हणून आमचे म्हणणे ऐकावे, ही नम्र विनंती.

जयंतीच्या व्यासपीठावर नद्या, झाडे आणि मासे यांचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. १४ एप्रिल हा आपल्या मुक्तिदात्याचा जन्मदिन आणि २२ एप्रिल हा वसुंधरा दिन. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या पुढाकाराने १९७० साली या देशात पहिला वसुंधरा दिन पाळण्यात आला. दोन दिवसांमध्ये अंतर केवळ आठ दिवसांचे आहे. परंतु आपल्या बहुतेक घरांत हे अंतर ओलांडले जात नाही. ते का ओलांडले जात नाही आणि ते ओलांडल्याने आपल्या मुलांचे काय भले होईल, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यापैकी एका घरातील सहावीतल्या मुलीने शाळेतून एक संमतीपत्र आणले. ऑक्टोबर महिन्यात तिचा वर्ग एक दिवस हडसन नदीच्या काठी जाणार होता. मुले रबरी बूट घालून पाण्यात उतरणार, जाळे ओढणार, चिखल तपासणार. सोबत घरचे वडीलधारे माणूस आले तरी चालेल, असेही त्यात लिहिले होते. आईने कागद वाचला आणि बाजूला ठेवून दिला. त्याच दिवशी गणिताची शिकवणी होती. रविवारी बालवर्गात हा विषय निघाला तेव्हा आम्ही सर्वांनी आईचीच बाजू घेतली. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, “आमच्या बापांनी आम्हाला चिखलातून बाहेर काढण्यासाठी हाडांची काडे केली. आता इथे येऊन पोरांना पुन्हा चिखलात उतरवायचे काय?” या बोलण्यावर कोणी हसले नाही. त्या एका वाक्यात आपल्या तीन पिढ्यांचा इतिहास सामावला होता.

तो इतिहास आपण जाणतोच. गावचा परिसर आपल्या आई-वडिलांना ‘निसर्ग’ म्हणून कधी भेटलाच नाही. विहीर भेटली ती दूर उभे राहून, कोणाला दया येईल तेव्हा ओंजळीत वरून पाणी ओतले जाण्यासाठी. रान भेटले ते सरपणासाठी. शेत भेटले ते दुसऱ्याचे. जनावर भेटले ते मेल्यावर ओढून नेण्यासाठी. बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना खेडे सोडून शहराची वाट धरण्यास सांगितले, त्यामागे हाच जळजळीत अनुभव होता. आपण गाव सोडले, हे योग्यच केले. तथापि गावचा अन्याय मागे टाकताना माती, पाणी आणि झाडे यांच्याविषयीचे आपले ज्ञानही गाठोड्यातून वाटेत गळून पडले. अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांना अन्यायाची कथा आपण सांगतो, परंतु ज्या पाण्यासाठी तो लढा झाला, ते पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे मात्र सांगत नाही.

महाडचाच विचार करा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्याच्या पाण्याला आपल्या माणसांचे हात लागू शकले नाहीत. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्याकडे चालत गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. पुढे न्यायालयीन लढा सुरू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत चौदा वर्षे लोटली. आमच्या मते परिसर शिक्षणाचा याहून मोठा धडा जगाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसेल. परिसर कोणाचा, त्याचा लाभ कोणाला आणि त्याचा त्रास कोणाला, हे प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वीच विचारले. दुर्दैव असे, की ज्या देशात हे प्रश्न आज शाळेच्या अभ्यासक्रमात येऊ पाहत आहेत, तेथे आपणच संमतीपत्र बाजूला ठेवून देतो.

आता परिसर शिक्षण म्हणजे नेमके काय, ते पाहू. महाराष्ट्रात शिकलेल्यांना प्राथमिक शाळेतील ‘परिसर अभ्यास’ हा विषय आठवत असेल. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी १९६९ साली या शिक्षणाची व्याख्या मांडली. १९७७ साली तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातील तिबिलिसी येथे युनेस्कोच्या वतीने जागतिक परिषद भरली आणि तिने जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टे ठरविली. यांतील शेवटचे उद्दिष्ट आपण विशेष लक्षात घ्यावे. केवळ पक्ष्यांची नावे पाठ करणे म्हणजे परिसर शिक्षण नव्हे. परिसराविषयीच्या निर्णयांत नागरिक म्हणून भाग घेण्यास शिकणे म्हणजे परिसर शिक्षण.

कृतीतून शिकावे आणि शिकता शिकता लोकशाहीचे नागरिक व्हावे, हा विचार प्रा. जॉन ड्युई यांचा. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ड्युई त्यांचे गुरू होते आणि त्यांचे ऋण बाबासाहेबांनी जाहीरपणे मान्य केले आहे. कोलंबिया विद्यापीठ ज्या उंचवट्यावर वसले आहे, त्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर हडसन नदी वाहते. म्हणजे ज्या नदीकाठी आमच्या मुलीला पाठविण्यास आम्ही कचरलो, तिच्याच सान्निध्यात आपल्या उद्धारकर्त्याचे उच्च शिक्षण झाले होते.

‘प्रादेशिक’ या शब्दाचेही असेच आहे. नदी राज्याची किंवा जिल्ह्याची सीमा ओळखत नाही. म्हणून एका नदीला जेवढ्या भूभागाचे पाणी मिळते, तेवढा सगळा भूभाग, म्हणजे तिचे पाणलोट क्षेत्र, हा अभ्यासाचा एकक मानावा लागतो. १९३३ साली या देशात टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले ते याच तत्त्वावर. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर नदीच्या खोऱ्यासाठी हेच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एकत्र बसवून संपूर्ण खोऱ्याचा विचार त्यांनी घडवून आणला. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. पाण्याकडे प्रदेशाच्या दृष्टीने पाहणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. ती आपल्या वारशातच आहे.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आता आपल्या आसपासच्या संधींकडे वळू.

प्रथम हडसन आणि न्यू जर्सी. हडसनमध्ये समुद्राची भरती न्यूयॉर्क बंदरापासून सुमारे दीडशे मैल वर, ट्रॉयच्या धरणापर्यंत जाणवते. म्हणूनच येथील मूळ रहिवाशांनी तिला दोन्ही दिशांनी वाहणारी नदी असे नाव दिले होते. १९६९ साली ‘क्लिअरवॉटर’ नावाचे शिडाचे गलबत या नदीत उतरले. नागरी हक्क चळवळीची गीते घरोघर पोहोचविणारे गायक पीट सीगर हे त्यामागील प्रेरणास्थान होते. शाळकरी मुलांनी या गलबतावर यावे, स्वतः दोर ओढून शीड चढवावे, जाळ्यात आलेले मासे ओळखून पुन्हा नदीत सोडावे, असा हा तरंगता वर्ग आहे. २००३ सालापासून शरद ऋतूतील एका ठरलेल्या दिवशी नदीकाठच्या अनेक ठिकाणी शाळांचे वर्ग एकाच वेळी नदीची तपासणी करतात. राज्याचा पर्यावरण विभाग आणि कोलंबिया विद्यापीठाची लॅमॉन्ट-डोहर्टी भूविज्ञान वेधशाळा यांचे त्यास साह्य असते. पाण्याचा खारेपणा, गढूळपणा, त्यात विरघळलेला प्राणवायू, प्रवाहाचा वेग, माशांच्या जाती या साऱ्यांच्या नोंदी मुले स्वतः करतात. सगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे त्या दिवशी समुद्राचे खारे पाणी नदीत कोठवर शिरले होते, याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. न्यूयॉर्क बंदरात २०१४ पासून शाळकरी मुलांच्या मदतीने कालवांची पुन्हा लागवड करण्याचा मोठा उपक्रम चालू आहे. एक पूर्ण वाढलेले कालव दिवसाला पन्नास गॅलनपर्यंत पाणी गाळू शकते, असे मानले जाते. न्यू जर्सी राज्याने २०२० साली हवामानबदलाचे शिक्षण सर्व इयत्तांच्या अभ्यासक्रमात आणण्याचे ठरविले आणि सप्टेंबर २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. असे करणारे ते या देशातील पहिले राज्य ठरले.

आमच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, ते येथेच सांगतो. तिच्या हट्टापुढे घरच्यांनी अखेर मान तुकविली. आई-वडिलांना रजा मिळेना, म्हणून नागपूरकडून सहा महिन्यांसाठी आलेली आजी शाळेच्या परवानगीने सोबत गेली. मुलांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून, कोकणात रापण ओढतात तसे, जाळे काठाकडे ओढले. आजी मात्र पाण्यापासून दहा पावले दूरच थांबली. नात तिचा हात धरून न्यावयास आली, तेव्हा तिने हळूच विचारले, “काय वं, या पान्याले कोनीबी हात लावू शकते का?” नातीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “आजी, नदी आहे ही. कोणीही लावू शकतं.” मग आजी पुढे झाली. तिने वाकून पाण्याला हात लावला आणि तोच ओला हात डोळ्यांना लावला.

परत येताना काठावरच्या गवतात बी धरलेला चाकवत आणि माठाच्या जातीचे एक झुडूप आजीने ओळखले. तण म्हणून उपटून टाकली जाणारी ही झाडे कशी शिजवतात, हे तिने वऱ्हाडीत सांगितले आणि नातीने इंग्रजीत. शिक्षिकेने ते फळ्यावर नव्हे, तर वर्गाच्या नोंदवहीत लिहून घेतले. आयुष्यभर जे ज्ञान दारिद्र्याची खूण म्हणून लपविले, त्याला एका सार्वजनिक शाळेच्या वहीत जागा मिळाली. घरी आल्यावर आजी जे बोलली, ते ऐकून आम्ही मनोमन वरमलो. संमतीपत्र बाजूला ठेवण्यास आम्ही सर्वांनीच पाठिंबा दिला होता, हे आम्ही आज या व्यासपीठावरून प्रांजळपणे कबूल करतो.

परंतु नातीचे उत्तर अपुरे होते, हेही त्याच दिवशी तिला समजले. हडसनच्या वरच्या भागातील कारखान्यांतून अनेक दशके पीसीबी नावाची घातक रसायने नदीत सोडली गेली होती. १९८४ साली नदीचा सुमारे दोनशे मैलांचा पट्टा राष्ट्रीय शुद्धीकरणाच्या यादीत गेला. २००९ ते २०१५ या काळात तळाचा पुष्कळ गाळ उपसण्यात आला, तरीही तेथील मासे खाण्याबाबत, विशेषतः स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी, सावधगिरीच्या सूचना आहेत. म्हणजे पाण्याला हात कोणीही लावू शकतो, पण जो गरीब माणूस नदीतल्या माशांवर पोट भरतो, त्याच्या ताटात विष कोणी वाढले, हा प्रश्न उरतोच. आजीचा प्रश्न जुन्या काळातला नव्हता. तो आजचाही होता.

दुसरा प्रदेश चेसापीक उपसागराचा. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ही सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढ्या विस्तृत भूभागाचे, सुमारे ६४,००० चौरस मैलांचे, पाणी या उपसागरात उतरते. चेसापीक बे फाउंडेशन ही संस्था १९६७ साली स्थापन झाली आणि तिने विद्यार्थ्यांना होड्यांतून उपसागरावर नेण्याचे कार्य हाती घेतले. पुढे २००० सालच्या करारात राज्यांनी असे वचन दिले, की प्रत्येक विद्यार्थ्याला हायस्कूल सोडण्यापूर्वी पाणलोट क्षेत्रात प्रत्यक्ष काम करण्याचा अर्थपूर्ण अनुभव मिळेल. २०१४ च्या करारात प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल या तिन्ही टप्प्यांवर असा अनुभव मिळावा, हे ध्येय ठेवण्यात आले. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय सागर व वातावरण प्रशासनाने २००२ साली अनुदान योजना सुरू केली. मेरीलँड राज्याने २०११ साली परिसर साक्षरता ही हायस्कूलच्या पदवीची अट केली. असे पाऊल टाकणारे ते पहिले राज्य.

मेरीलँडचे नाव निघताच आपणा सर्वांना ॲकोकीक आठवते. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील आंबेडकर आंतरराष्ट्रीय केंद्राच्या जागेत बाबासाहेबांच्या १९ फूट उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्यापैकी कित्येक जण मुलाबाळांसह तेथे वंदनासाठी जाऊन आले आहेत. परंतु त्याच ॲकोकीकमध्ये पोटोमॅक नदीच्या काठी हार्ड बार्गेन फार्म आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ॲलिस फर्ग्युसन फाउंडेशन ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था तेथे शाळकरी मुलांना शेत, दलदल आणि नदी यांचे प्रत्यक्ष शिक्षण देत आली आहे. पुतळ्याला हार घालून आपण गाडीत बसतो आणि परत फिरतो. बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी लढा दिला, त्याचा अभ्यास तेथून हाकेच्या अंतरावर चालतो आणि आपली मुले त्यात नसतात.

तिसरा प्रदेश मिशिगनचा. डेट्रॉइटमधून वाहणारी रूज नदी इतकी मलिन झाली होती, की १९६९ साली तिच्यावरील तेलाच्या थराने पेट घेतला. १९८०च्या दशकात ॲन आर्बर येथील हायस्कूलचे काही विद्यार्थी ह्युरॉन नदीत खेळल्यानंतर काविळीने आजारी पडले. तेव्हा प्रा. स्टॅप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या मुलांना पाण्यातील जिवाणू आणि प्राणवायू मोजण्यास शिकविले. तोच प्रयोग १९८७ साली रूज नदीवर गेला. डेट्रॉइट शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील शाळा आणि उपनगरांतील सधन शाळा एकाच नदीच्या नोंदी करून एकमेकींना कळवू लागल्या. ज्यांच्या वस्त्या एकमेकांपासून तोडलेल्या होत्या, त्यांना एका नदीने एका बाकावर आणले. हा उपक्रम ‘फ्रेंड्स ऑफ द रूज’ या संस्थेच्या छत्राखाली पुढेही चालू राहिला. जातीजातींत विभागलेल्या देशातून आलेल्या आपल्याला या घटनेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी संधी याहून सुलभ आहेत. ‘प्रोजेक्ट लर्निंग ट्री’ १९७६ पासून, ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ १९८३ पासून आणि ‘प्रोजेक्ट वेट’ १९८४ पासून शिक्षकांना प्रशिक्षण देत आले आहेत. पहिल्याचा विषय झाडे, दुसऱ्याचा वन्यजीव आणि तिसऱ्याचा पाणी. त्यांच्या कार्यशाळा राज्याराज्यांत भरतात. एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करतात आणि वर्गात वापरावयाची पुस्तिका घेऊन परततात. रविवारचा बालवर्ग चालविणाऱ्या पालकांनीही यांविषयी आपल्या राज्यात चौकशी करावी.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. परिसर शिक्षणाचा पहिला राष्ट्रीय कायदा १९७० साली झाला आणि पुढील दशकाच्या आरंभी तो विरून गेला. दुसरा १९९० साली आला आणि पर्यावरण संरक्षण संस्थेत या कामासाठी स्वतंत्र कार्यालय निघाले. हक्क मिळतात तसे काढूनही घेतले जातात, हे आपल्याला महाडने शिकविलेच आहे. तेथील नगरपालिकेनेही आपला ठराव १९२७ सालीच मागे घेतला होता. नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन परगण्यात १९८२ साली विषारी मातीची कचराभूमी लादली गेली. ती वस्ती बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि गरीब होती. लोक मालमोटारींपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वंशन्याय आयोगाने देशभर पाहणी करून दाखविले, की घातक कचऱ्याची जागा ठरविण्यात वंश हा सर्वांत मोठा घटक असतो. १९९१ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी आदी समाजांच्या परिषदेने पर्यावरण न्यायाची सतरा तत्त्वे मांडली आणि त्यांतील एक तत्त्व शिक्षणाविषयीचे आहे. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या न्यायासाठी काढलेला आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. सरकारी निधीचा ओघही आता पूर्वीइतका निश्चित राहिलेला नाही. म्हणून अनुदानावर विसंबण्यापूर्वी चौकशी करावी आणि जे उपक्रम लोकांच्या बळावर उभे आहेत, त्यांना आपणही बळ द्यावे.

मायदेशाचाही विचार करावयास हवा. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण हा विषय अनिवार्य करावा, असे सुचविले. अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ पासून आणि पुण्यातील भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. परंतु ज्या महाडला आपण दर वर्षी अभिवादन करतो, तेथील सावित्री नदीची स्थिती काय आहे? हडसनप्रमाणे तीही भरती-ओहोटीची नदी. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने तिचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. जुलै २०२१ मध्ये महापुराने महाड शहर बुडाले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क आपण मिळविला. पिण्यायोग्य पाणी मिळण्याचा हक्क अजून मिळवावयाचा आहे. हा दुसरा लढा लढण्यासाठी पाणी मोजू शकणारी, अहवाल वाचू शकणारी, अधिकाऱ्याला आकडे दाखवून प्रश्न विचारू शकणारी पिढी लागेल.

म्हणून आम्ही आपणापुढे पाच सूचना ठेवतो.

पहिली, शाळेतून येणारे असे संमतीपत्र यापुढे कोणीही बाजूला ठेवू नये. शिकवणीचा एक दिवस बुडाला तर गणित बुडत नाही. शक्य असेल तेव्हा घरचे एक माणूस सोबत जावे आणि आजी-आजोबा असतील तर त्यांनाच आधी पाठवावे.

दुसरी, बालवर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या घराचा पत्ता येतो, तसे आपले घर कोणत्या नदीच्या पाणलोट क्षेत्रात आहे, नळाचे पाणी कोणत्या जलाशयातून येते आणि गावचा कचरा कोणाच्या वस्तीशेजारी जाऊन पडतो, हेही यावे.

तिसरी, १४ ते २२ एप्रिल या आठवड्यातील रविवारचा बालवर्ग दर वर्षी नदीकाठी भरवावा. त्रिशरण-पंचशील तेथेच व्हावे आणि त्यानंतर मुलांनी पाण्याच्या नोंदी कराव्यात.

चौथी, आपल्या ज्येष्ठांना ठाऊक असलेल्या रानभाज्या, औषधी वनस्पती आणि पाणवठे यांची माहिती त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवावी. आज हे केले नाही, तर उद्या सांगणारे कोणी उरणार नाही.

पाचवी, येथील आपल्या मुलांची एक शाळा आणि महाड किंवा विदर्भ-मराठवाड्यातील एक शाळा यांची जोडी जुळवावी. १९९५ साली सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रमात भारत २००० सालापासून सहभागी झाला. पाऊस, तापमान, पाण्याचा सामू एकाच पद्धतीने मोजण्याची रीत त्याने घालून दिली आहे. हडसनच्या आणि सावित्रीच्या काठावरील मुलांनी एकमेकांना आपले आकडे कळवावेत. तपासणीच्या साहित्याचा खर्च फार मोठा नाही आणि तो आपण सहज उचलू शकतो. मात्र हे दान समजू नये. ती मुलेही आपल्या मुलांना पुष्कळ शिकवतील.

बालमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी पुष्कळांनी डॉक्टर किंवा संगणकतज्ज्ञ व्हावे, असे आम्हाला वाटते आणि ते चुकीचे नाही. परंतु कोणी जलतज्ज्ञ, कोणी मृदाशास्त्रज्ञ, कोणी पर्यावरणाचा कायदा जाणणारा वकील आणि कोणी मुलांना नदीवर नेणारा शिक्षक झाला, तर बाबासाहेबांच्या नावाला तेवढीच शोभा येईल. त्या आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तुम्हालाच द्यावयाचे आहे. जगातील कोणत्याही नदीच्या काठी उभे राहून ‘होय, या पाण्याला कोणीही हात लावू शकते, ते कोणीही पिऊ शकते’ असे तुम्हाला खात्रीने म्हणता यावे, यासाठी ते पाणी आधी ओळखावे लागेल.

 पुढच्या जयंतीला भेटू तेव्हा कोणाचा बालवर्ग कोणत्या नदीवर जाऊन आला, हे एकमेकांस अवश्य विचारू.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!